टायरच्या मापाची कुळकथा

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तहनामे आणि राजघराणी उभी राहतात. वसंतातील व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांस या विषयांची गोडी आहे आणि ती असावीच. परंतु आज ज्या कोरीव लेखाचे वाचन करण्याचे आम्ही योजिले आहे, तो शिळेवर नाही की ताम्रपटावर नाही. तो रबरावर उठवलेला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात उभा आहे आणि तरीही तो वाचणारे आपल्यांत थोडे आहेत. मोटारीच्या टायरच्या बाजूवर जी अंकाक्षरांची ओळ असते, तिच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

उदाहरणार्थ ही एक ओळ घ्या : १८५/६५ आर १५ ८८ एच. हिच्यातील पहिला अंक, १८५, हा मिलिमीटरांत आहे आणि तो टायरची रुंदी सांगतो. दुसरा, ६५, हे माप नव्हेच, ते प्रमाण आहे : टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या शेकडा किती, हे ते सांगते. ‘आर’ म्हणजे रेडियस असे पुष्कळ सुशिक्षित लोकही समजतात, पण ते खरे नाही. तो रेडियल या बांधणीचा आर आहे. पुढचा १५ हा एकाएकी इंचांत बोलू लागतो आणि चाकाच्या रिमचा व्यास सांगतो. ८८ हा ना इंच ना मिलिमीटर. तो एका तक्त्यातील अनुक्रमांक असून त्याचा अर्थ, हा टायर ५६० किलो भार पेलतो, असा आहे. शेवटचा ‘एच’ ताशी २१० किलोमीटर ही वेगाची मर्यादा दाखवतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का, इंच, संकेतांक आणि अक्षर अशी ही खिचडी आहे. कोणत्याही शहाण्या माणसाने बसून ही पद्धत आखली असती, तर ती अशी झाली नसती.

मग ती अशी का झाली? आमचे उत्तर असे की, ही ओळ एका वेळी लिहिली गेलेलीच नाही. जुन्या देवळाच्या भिंतीवर एका राजाने दोन ओळी कोराव्यात, नंतरच्याने त्याखाली चार ओळी वाढवाव्यात, तसा हा लेख सव्वाशे वर्षांत वाढत आला आहे. आणि प्रत्येक नवा अंक वाढला तो केव्हा? तोवर जे सर्वांनी न बोलता गृहीत धरले होते ते गृहीत जेव्हा मोडले, तेव्हा. आज बाजारात कारखान्याची चाके काढून मोठी, चकचकीत चाके बसवण्याची हौस वाढली आहे. अशा चाकांना टायर कोणता घ्यावा, हा प्रश्न पडला की दुकानातून उत्तर येते, “साहेब, बसतो.” बसणे आणि जुळणे यांत जे अंतर आहे, त्याचाच हा सारा इतिहास आहे, आणि त्या अंतरापायी माणसे जायबंदी झाली आहेत.

आरंभ आपल्याच ओळखीच्या चाकापासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार प्रथम चाकाचा घेर मोजतो. धाव तो त्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवतो, मग ती भट्टीत लाल करून फुगवतो, चाकावर घालतो आणि वरून पाणी ओततो. निवताना धाव आवळते आणि आरे, तुंबा, लाकूड सारे एकजीव होते. येथे फिटपणा ठरतो तो धावेच्या आतल्या मापाने. ती तसूभर सैल राहिली तर उतारावर चाकातून निसटेल. तसूभर जास्त आखूड झाली तर चाक पिचेल. गाडीवानाला मात्र आतल्या मापाशी कर्तव्य नसते. चाक किती उंच, एवढेच तो विचारतो. आतले माप कारागिराचे आणि बाहेरचे माप वापरणाराचे, हे द्वंद्व तेव्हापासूनचे आहे आणि मोटारीच्या टायरने ते वारशाने घेतले आहे.

हवेचा टायर प्रथम कल्पिला तो रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने. १८४५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी ती रचना होती आणि ती घोडागाडीच्या चाकावर खिळवून बसवलेली होती. कल्पना उत्तम, पण काळ तयार नव्हता आणि लोक ती विसरले. पुढे १८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट मिळवले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर ते पुढे रद्द ठरले. तथापि धंदा उभा राहिला तो डनलॉपच्याच नावाने. डनलॉपचा टायर चाकाला गुंडाळून चिकटवलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे एका बैठकीचे काम होते.

या अडचणीतून सोडवणूक झाली ती १८९० साली, आणि तीही एकाच वर्षी दोन वाटांनी. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली, आणि तार ओलांडून कड आत सरकावी म्हणून रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ ठेवले. विल्यम बार्टलेट याने दुसरी युक्ती केली : टायरच्या कडेला रबराचा जाड ओठ ठेवला आणि तो रिमच्या वळलेल्या कडेत हवेच्या दाबाने अडकवला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर सायकलींसाठी आणला आणि १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. शर्यत त्यांनी जिंकली नाही, परंतु मोटार हवेवर धावू शकते, हे सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. टायर चाकापासून सुटा झाला, तेव्हाच मापाचा प्रश्न जन्मास आला. चिकटलेल्या टायरला माप विचारावे लागत नाही. सुटा टायर एका कारखान्यात तयार होणार, रिम दुसऱ्या कारखान्यात आणि दोघांची गाठ पडणार तिसऱ्याच गावी. त्या तिघांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून जो करार करावा लागला, तोच टायरवरील अंकांचा लेख होय.

पहिला करार साधा होता. टायरवर बाहेरचा व्यास आणि रुंदी, एवढेच लिहीत. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीच्या पुढच्या चाकांना ३० × ३ आणि मागच्या चाकांना ३० × ३½ असे टायर असत, सारी मापे इंचांत. यात रिमचे माप कोठेच नाही. ते काढावे लागे. टायरचा छेद जवळजवळ वर्तुळाकार, म्हणजे जेवढी रुंदी तेवढीच उंची, हे सर्वांनी गृहीत धरलेले. म्हणून ३० मधून दोनदा ३ वजा केले की पुढची रिम २४ इंचांची, आणि ३० मधून दोनदा ३½ वजा केले की मागची रिम २३ इंचांची. गंमत अशी की दोन्ही टायरांवर तीस हा मोठा अंक ठळकपणे दिसे, दोन्ही चाके जमिनीपासून सारखीच उंच उभी राहत, आणि तरीही एकीचा टायर दुसरीला बसत नसे. मालकाला दोन प्रकारचे जादा टायर बाळगावे लागत.

याच गणिताने हौशी मालकाला एक पळवाटही दाखवली. ३१ × ४ या टायरमधून दोनदा ४ वजा केले तरी बाकी २३ च उरते. म्हणून ३० × ३½ च्या रिमवर ३१ × ४ हा मोठा टायर चढवता येई, आणि तो ‘ओव्हरसाइज’ म्हणून खुशाल विकला जाई. मूळ चाकावर कारखान्याने न दिलेला मोठा टायर घालण्याची हौस आजकालची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. ती हौस मोटारीइतकीच जुनी आहे, आणि तिला त्या काळीही वजाबाकी करूनच वाट काढावी लागे.

१९२० नंतरच्या काही वर्षांत हे गृहीत मोडले. तोवर टायर अरुंद असत आणि त्यांत पंचावन्न-साठ पौंडांपर्यंत हवा ठासावी लागे. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोनने रुंद, फुगीर आणि निम्म्या दाबाचा ‘बलून’ टायर प्रचारात आणला. टायर जाड झाला, बाहेरची उंची वाढू द्यावयाची नाही म्हणून रिम लहान झाली, आणि बाहेरच्या मापावरून रिम काढण्याची जुनी वजाबाकी चुकू लागली. मॉडेल टी ला नंतर मिळालेला टायर २९ × ४.४० या नावाने विकला जाई. २९ मधून दोनदा ४.४० वजा केल्यास २०.२ उरतात, पण प्रत्यक्षात रिम २१ इंचांची. शेवटी याच टायरला ४.४०-२१ म्हणू लागले : रुंदी ४.४० इंच, रिम २१ इंच. टायर तोच, नाव मात्र उलटे झाले. गाडीवानाचे माप जाऊन लोहाराचे माप आले. बाहेरची उंची लेखातून पुसली गेली, आणि आजतागायत ती तेथे परत आलेली नाही.

ही घटना आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. टायर बसवणाराची सोय झाली, त्याला हवा तो अंक मिळाला. परंतु गाडीला ज्या अंकाची गरज, तो बाहेरचा व्यास, तोच अदृश्य झाला. आज मोठी चाके घालताना लोक जी चूक करतात तिचे मूळ येथे आहे. वाचता येतो तो अंक ते वाचतात, आणि जो वाचता येत नाही तो नाहीच असे समजतात.

आपल्याकडील मधल्या पिढीने पाहिलेल्या गाड्या याच दुसऱ्या कराराच्या होत. अँबॅसडर मोटारीचा टायर ५.९०-१५, आणि फिएट ११०० चा, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ पर्यंत दिसत राहिली, तिचा टायर ५.२०-१४. दोन मापे ठाऊक असली की शहरातील बहुतेक मोटारींचा प्रश्न मिटे. दुकानदार गाडीचे नाव विचारी आणि टायर काढून देई. निवड करावयाचीच नव्हती, म्हणून निवडीचे ज्ञानही लागत नव्हते.

दरम्यान फ्रान्समध्ये दुसरे गृहीत मोडत होते. टायरच्या पोटातील धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे असावयाचे, हे सर्वमान्य होते. १९४६ साली मिशेलिनने निराळ्या बांधणीचे पेटंट घेतले. तिच्यात धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने जात, आणि रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखाली पोलादी तारांचा पट्टा असे. हाच रेडियल टायर. १९४९ पासून तो विक्रीस आला. रेडियल आणि तिरप्या धाग्यांचा टायर वळणावर अगदी वेगळे वागतात. एका आसावर एक आणि दुसरा मिसळल्यास गाडी हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून बांधणी कोणती हे लिहिणे भाग पडले आणि लेखात ‘आर’ आला. आपल्याकडे तिरप्या धाग्यांच्या टायरला गॅरेजवाले आजही ‘नायलॉन’ म्हणतात, तो हाच भेद.

फ्रेंच लोक दशमान पद्धतीचे अभिमानी. त्यांच्या सित्रोएन गाडीचा टायर १६५ × ४०० असा असे, म्हणजे रुंदीही मिलिमीटरांत आणि रिमही मिलिमीटरांत. परंतु ४०० मिलिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, इटली येथील रिमा मात्र इंचांच्याच होत्या आणि त्या बनवणारी यंत्रसामग्रीही त्याच मापाची. रेडियल टायर साऱ्या युरोपात पसरला तेव्हा तडजोड झाली. रुंदी नव्या टायरवाल्याची, मिलिमीटरांत. रिम जुन्या चाकवाल्याची, इंचांत. १६५ आर १३ हे नाव असे दोन घरांच्या सोयरिकीतून जन्मले. १९७५ साली मिशेलिनने टीआरएक्स या नावाने पुन्हा ३९० मिलिमीटरांची रिम आणून पाहिली, आणि अमेरिकेच्या फोर्ड मस्टँगनेही १९७९ मध्ये ती काही काळ पत्करली. पण ती पद्धत टिकली नाही, आणि अशा गाड्या जतन करणाऱ्यांना आज टायरसाठी वणवण करावी लागते. चाक देखणे असून भागत नाही. त्याला टायर देणारे जगात चार कारखाने असावे लागतात.

तिसरे गृहीत उंचीचे. रेडियल आले तेव्हा त्यांची उंची रुंदीच्या ऐंशी-ब्याऐंशी टक्के असे आणि ती सर्वांची सारखीच म्हणून लिहीत नसत. १९६० नंतर वेगवान गाड्यांसाठी टायर बसके होऊ लागले : सत्तर टक्के, मग साठ, आणि १९७० नंतरच्या दशकात पिरेलीने पी ७ हा टायर पन्नास टक्क्यांवर आणला. तो पोर्शच्या ९११ टर्बोवर चढला. आता उंची गृहीत धरता येईना, म्हणून तिरपी रेघ आणि तिच्यापुढील टक्का लेखात आला. वेग वाढले तसे वेगाचे अक्षर आले. भार पूर्वी टायरच्या पोटातील थरांच्या संख्येवरून सांगत. थर कमी आणि धागे बळकट झाल्यावर ती संख्या निरर्थक झाली, म्हणून भाराचा संकेतांक आला. आरंभी आम्ही जी खिचडी म्हटली, तिचे सर्व दाणे आता ओळखीचे झाले असतील.

आता चाकाकडे वळू. कारखान्याचे चाक काढून दुसरे घालण्याची परंपरा शर्यतींतून आली. १९२४ साली फ्रान्समधील लियाँच्या शर्यतीत बुगाटीने टाइप ३५ ही गाडी आणली. तिला तारांऐवजी ओतीव अॅल्युमिनियमची देखणी चाके होती. ती चाके पुढे अजरामर झाली, पण त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली. चाक सुधारले म्हणून टायर आपोआप सुधारत नाही, हा धडा तेथेच मिळावयास हवा होता. पुढे कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर वेग अजमावू लागले. मागे मोठे टायर आणि पुढे लहान, ही त्यांची रीत केवळ ऐटीसाठी नव्हती. मागचा टायर उंच केला की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते. टायरचा बाहेरचा व्यास हा एक गिअरच असतो, हे त्यांना कळले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची हलकी चाके आली. त्यांवरून आपल्या बाजारातला ‘मॅग व्हील’ हा शब्द आला. आज ती चाके अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. मॅग्नेशियम गेले, नाव राहिले.

हौशी मालकाला या इतिहासातून एक नियम सापडला आणि अमेरिकेत तो ‘प्लस वन’ या नावाने रूढ झाला : रिम एक इंचाने वाढवावयाची, आणि टायरच्या बाजूची उंची तितकीच उतरवावयाची, म्हणजे बाहेरचा व्यास होता तसाच राहील. हिशेब अवघड नाही. रुंदीला टक्क्याने गुणावे, शंभराने भागावे, त्याची दुप्पट करावी आणि रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवावेत. आपल्या रस्त्यांवर विपुल असलेल्या मारुती स्विफ्टचे उदाहरण घेऊ. २०१८ साली आलेल्या या गाडीच्या स्वस्त प्रतींना कारखाना १६५/८० आर १४ टायर देई आणि महाग प्रतींना १८५/६५ आर १५. पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१.५. दीड-दोन मिलिमीटरांचा फरक. नावे इतकी भिन्न, पण गाडीच्या दृष्टीने चाक तेच. आणखी पुढे जाऊन १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२१ आणि २०५/४५ आर १७ घेतला तर ६१६. आता याउलट पाहा. १५ इंची रिम तीच ठेवून कोणी २०५/६५ आर १५ चढवला, तर रिमवर तो बसेल. पण व्यास ६४७.५ होईल, म्हणजे चार टक्क्यांनी अधिक. मीटर ८० दाखवील तेव्हा गाडी ८३ च्या वर धावत असेल, आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूस घासण्याचा संभव राहील. बाहेरच्या व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, असा या व्यवसायातील सर्वसाधारण संकेत आहे.

परंतु व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले, असे नव्हे. वरील चार टायरांच्या बाजूंची उंची पाहा. ती अनुक्रमे १३२, १२०, १०७ आणि ९२ मिलिमीटर भरते. १४ वरून १७ इंचांवर जाताना चाळीस मिलिमीटर उंचीची हवेची गादी नाहीशी होते. पावसाळ्यातील खड्ड्याचा जो घाव पूर्वी हवा झेलत होती, तो आता रिमच्या कडेवर बसतो. आणखी एक गोष्ट अशी की, भार पेलतो तो टायरमधील हवेने, रबराने नव्हे. १६५/८० आर १४ चा भारांक साधारणतः ८५, म्हणजे ५१५ किलो. साध्या बांधणीच्या २०५/४५ आर १७ चा भारांक ८४, म्हणजे ५०० किलो. दिसावयास रुंद आणि किमतीस महाग असा टायर प्रत्यक्षात कमी ओझे पेलतो. चार माणसे आणि गणपतीला गावी न्यावयाचे सामान घेऊन घाट उतरणाऱ्या कुटुंबाला हा पंधरा किलोंचा फरक दुकानात कोणी सांगत नाही. भारांक मूळच्या टायरपेक्षा कमी घेऊ नये, हा नियम म्हणून पाठच करावा.

चाकाची स्वतःची मापेही आहेत, आणि ती टायरवर लिहिलेली नसतात. रिमची रुंदी टायरला साजेल अशी हवी. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम मान्य आहे. तिच्याहून रुंद रिमवर टायर ताणला जातो, अरुंदवर त्याचे पोट सुटते. नटबोल्टांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तोही तंतोतंत हवा. सुझुकीच्या लहान गाड्यांना चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, फिएटच्या गाड्यांना ९८ च्या. दोन मिलिमीटरांचा हा भेद डोळ्यांना दिसत नाही, पान्याचा जोर लावला तर नटही आवळले जातात, आणि चाक मात्र तिरके, ताणलेल्या बोल्टांवर फिरत राहते. हेही एक ‘बसणे’च.

आता या इतिहासातील दुःखद प्रकरणाकडे येऊ. अमेरिकेत लहान मालमोटारींसाठी १६ इंची रिमा होत्या, आणि पुढे ट्यूबलेस टायरांसाठी साडेसोळा इंचांच्या रिमा आल्या. फरक केवळ अर्ध्या इंचाचा नव्हता. टायरची आतली कड, जिला गॅरेजवाले बीड म्हणतात, ती ज्या बैठकीवर टेकते त्या बैठकीचा उतार १६ च्या रिमला पाच अंशांचा होता आणि साडेसोळाच्या रिमला पंधरा अंशांचा. १६ इंची टायर साडेसोळाच्या रिमवर हाताने चढे. हवा भरली की कड जागेवर सरकेना. मेकॅनिक म्हणे, थोडी अजून हवा मारू. दाब वाढत जाई, शेवटी कडेतील पोलादी तार तुटे आणि साऱ्या हवेचा स्फोट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर होई. अशा एका अपघाताचा दावा टेक्सस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ साली त्याचा निकाल लागला. त्या टायरवर ठळक रंगांत इशारा चिकटवलेला होता, १६ चा टायर साडेसोळाच्या रिमवर कधीही चढवू नये. स्फोटाने हवेत उडणाऱ्या कामगाराचे चित्रही त्यावर होते. तरी तो मेकॅनिक कायमचा जायबंदी झाला. अधिक बळकट तारेची कड करणे शक्य होते आणि इतर कारखाने ती करीतही होते. केवळ इशारा चिकटवल्याने टायर करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालावर मतभेद होऊ शकतो आणि झालाही. आम्हांस त्यातून निराळा बोध घ्यावासा वाटतो. वेल्चने १८९० मध्ये न ताणणारी तार घातली ती याचसाठी की टायर आपल्या मापाचा हट्ट सोडणार नाही. तो हट्ट हाच आपला रक्षक आहे. जोर लावून तो मोडू पाहणारा माणूस टायरशी नव्हे, आपल्याच जिवाशी झुंजत असतो.

कोणी म्हणेल, कारखान्याने दिले ते माप हे काय वेदवाक्य आहे? गाडी आमची, पैसा आमचा, हौस आमची. या शंकेला आम्ही क्षुद्र मानीत नाही. वेदवाक्य तर नव्हेच. कारखाना स्वतःच एका गाडीला दोन मापे देतो हे आपण पाहिले. परंतु तो ती दोन मापे व्यास, भार, रिमची रुंदी आणि मडगार्डची जागा हे सारे जुळवून देतो. तेवढे जुळवण्याची तयारी असेल तर हौसेला वाट आहे. कायद्याचेही भान असावे : १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत टायरचे माप आणि थरांची क्षमता यांसाठी स्वतंत्र नियम आहे. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मूळ माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. नव्या चाकांचा सौदा करण्यापूर्वी तो कागद खिशात असावा. दुकानदाराला ‘बसेल का’ असे विचारू नये. व्यास किती भरतो, भारांक किती, रिमची रुंदी किती, भोकांचे वर्तुळ किती, चाक बाहेर किती येते, असे विचारावे. उत्तरे न देता जो दुसऱ्यांदा ‘बसतो’ म्हणेल, त्याच्या दुकानातून उठावे.

शिलालेख वाचणारे सांगतात की, लेखात जे लिहिले त्याइतकेच महत्त्व न लिहिलेल्याला असते. टायरवरील लेखात बाहेरचा व्यास लिहिलेला नाही. १९२० नंतरच्या त्या उलथापालथीत तो गळून पडला आणि तेव्हापासून तो काढण्याचे काम वाचणाऱ्यावर आले. ती एक गुणाकार-बेरीज करावयास कागदाचा चतकोर तुकडा आणि दोन मिनिटे पुरतात. सव्वाशे वर्षांच्या खटपटीतून सिद्ध झालेला हा करार आपल्या चाकावर बांधलेला आहे. त्यात आपलीही सही आहे, कारण त्या चार तळहातांएवढ्या रबरावर आपण आपली मुलेबाळे बसवून निघतो.